सावळघाटापलीकडचा पेठ तालुका
(द्वितीय वर्ष, कला शाखा)

वसतिगृहात आल्यावर पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या एका मैत्रिणीने मला गाव विचारले. मी "पेठ" म्हटले. ती म्हणाली, "पेठ रोडला का? मग इथे कशाला राहतेस, घरून येऊन-जाऊन करता येईल की!" तिचा दोष नव्हता. नाशिक शहरात पेठ रोड आहे, पेठ नाका आहे, रिक्षावाले दिवसातून शंभरदा ते नाव घेतात. परंतु तोच रस्ता सरळ धरला तर पंचावन्न-साठ किलोमीटरवर खरोखरीच पेठ नावाचे गाव लागते आणि ते एका तालुक्याचे ठिकाण आहे, हे पुष्कळांच्या ध्यानीमनी नसते.

इंग्रजी कागदांत तर गोंधळ आणखी मोठा. इंग्रजांनी आपल्या दप्तरात ह्या नावाचे स्पेलिंग असे काही करून ठेवले की ते 'पेइंट' असे वाचले जाते. जनगणनेच्या इंग्रजी तक्त्यांतही तेच चालत आले आहे. मागील वर्षी माझ्या एका दाखल्यावर मराठीत 'पेठ' आणि दुसऱ्यावर इंग्रजीत हे 'पेइंट' आले. एका कार्यालयात हे दोन निराळे तालुके समजले गेले, कागद परत आला आणि एका सहीसाठी मला पुन्हा घरी जावे लागले. माझा दिवस गेला, बाबांचा रोज बुडाला. परतीच्या एस.टी.त खिडकीशी बसून वाटले, आपल्या तालुक्याविषयी एकदा नीट वाचावे आणि लिहावे. भूगोलाच्या सरांनी नाशिक जिल्ह्याचे जुने गॅझेटिअर पाहण्यास सांगितले. काही गोष्टी त्यात मिळाल्या, काही गावातल्या जाणत्या माणसांकडून कळल्या, आणि काही तर मी लहानपणापासून डोक्यावर वाहिल्या आहेत. त्या कोणत्या, ते पुढे येईलच.

नाशिकहून निघालेली गाडी रामशेज किल्ल्याच्या बाजूने जाते, मळ्यांचा प्रदेश मागे पडतो आणि सावळघाट लागतो. हा घाट म्हणजे केवळ वळणांचा रस्ता नव्हे. येथे सह्याद्रीची मुख्य धार आहे. धारेच्या पूर्वेला पडलेले पाणी गोदावरीला मिळून आंध्रामार्गे बंगालच्या उपसागरात जाते. पश्चिमेला पडलेले पाणी दमणगंगेच्या वा पार नदीच्या खोऱ्यात उतरून अरबी समुद्राला मिळते. एकाच ढगातले दोन थेंब असे एकमेकांपासून शेकडो कोस दूर जातात. पुढे करंजाळी, मग कोटंबीचा घाट आणि मग पेठ. म्हणजे आमचा तालुका घाटाखालचा खरा, पण तो कोकणही नव्हे. सह्याद्रीचे अंग जेथे एकदम न कोसळता डोंगर, दऱ्या आणि टेकड्या करीत हळूहळू गुजरातकडे उतरते, त्या उतरणीवर तो वसला आहे. उत्तरेस सुरगाणा, दक्षिणेस त्र्यंबकेश्वर तालुक्यातील हरसूलचा भाग, पूर्वेस दिंडोरी व नाशिक, आणि पश्चिमेस गुजरातचे धरमपूर-कपराडा. पेठहून नाशिकला जाण्याला आमच्याकडे 'घाटावर जाणे' म्हणतात. ह्या दोन शब्दांत बाजार, दवाखाना, मजुरी, कॉलेज, सगळेच येते.

पाऊस आमच्याकडे दोन हजार मिलिमीटरच्या आसपास पडतो. सिन्नर-निफाडकडे तो पाचशे-सहाशेवर थांबतो. हा आकडा सांगितला की वर्गातली मुले म्हणतात, मग तुमच्याकडे पाण्याची चंगळ असेल! पावसाळ्यात असतेच. जूनपासून चार महिने ओहोळ, नाले, धबधबे एकसारखे गर्जत असतात. पण खाली काळा पाषाण, वर हातभर माती आणि जमिनीला तीव्र उतार. पाणी मुरायला जागा नाही आणि थांबायला सवड नाही. फाल्गुन सरता सरता विहिरींचा तळ दिसू लागतो. मग दरीतला झरा. आमच्या पाड्यापासून तो अर्धा तास खाली आहे आणि येताना, दोन हंडे डोक्यावर असताना, पाऊण तास वर आहे. झऱ्यात वाटीने पाणी भरावे लागते, म्हणून पहाटे नंबर लावायचा. दहावीच्या परीक्षेच्या दिवसांत आईने मला ह्या कामातून सूट दिली होती. माझ्या वाटच्या खेपाही तीच करीत असे. डोक्यावर वाहिलेली गोष्ट म्हणाले ती ही.

शेती पावसावरची. खाचरांत भात आणि उतारावर नागली व वरई. भाताची आणि नागलीची रोपे करण्यासाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजतात, त्याला राब म्हणतात. त्याशिवाय उडीद, तूर, खुरासणी. अलीकडे उतारावर आंब्याच्या 'वाड्या' झाल्या आहेत आणि उन्हाळ्यात पेठचा केशर आंबा नाशिकच्या बाजारात येतो, हे सांगताना मला बरे वाटते. तरीही दिवाळीनंतर रानात काम उरत नाही. मग घराला कडी घालून माणसे टोळीने घाटावर जातात. दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत छाटणी, डिपिंग, विरळणी, खुडा अशी कामे एकामागून एक निघतात. गिरणारे येथे तर सकाळी मजुरांचा बाजारच भरतो. मळेवाले येतात, एकराचा भाव ठरतो, पिकअप गाडी भरते. द्राक्ष हे नाशिकचे वैभव आहे असे आपण निबंधात लिहितो. त्या वैभवातील कात्री पुष्कळदा पेठ-सुरगाण्याच्या माणसाच्या हातात असते, हे निबंधात येत नाही.

२०११ च्या जनगणनेत तालुक्याची लोकसंख्या सुमारे एक लाख वीस हजार होती आणि त्यात शेकडा पंच्याण्णवांहून अधिक लोक अनुसूचित जमातींचे. कोकणा (कोकणी), महादेव कोळी, वारली ह्या मुख्य जमाती. घरात आम्ही जी बोली बोलतो ती पुस्तकी मराठीही नव्हे आणि गुजरातीही नव्हे. पहिलीत मास्तरांचे निम्मे शब्द मला कळत नसत. ह्याच बोलीच्या पट्ट्यावरून एकेकाळी मोठा वाद झाला. आमच्या उत्तरेकडील डांगचे लोक मराठी की गुजराती, हा प्रश्न स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्यात फार तापला होता. १९६० मध्ये राज्ये वेगळी झाली तेव्हा डांग गुजरातेत गेले, पेठ आणि सुरगाणा महाराष्ट्रात राहिले. सोयरीक मात्र अजून दोन्हीकडे होते. माझी एक मावशी सीमेपलीकडे दिली आहे. तिच्या रेशनकार्डावर गुजराती अक्षरे आहेत आणि ओव्या ती आमच्याच बोलीत म्हणते. सण म्हणाल तर वाघबारस, डोंगऱ्यादेव आणि बोहाडा. बोहाड्यात देवादिकांचे रंगीत मुखवटे घालून रात्रभर सोंगे नाचतात. त्याविषयी निराळा लेख लिहिता येईल, म्हणून येथे थांबते.

आता इतिहास. शाळेत आम्हांला शिवकाळ आणि पेशवाई शिकवली. पण पेठचा म्हणून काही इतिहास आहे हे कोणी सांगितले नाही. वास्तविक पेठ हे एक लहानसे संस्थान होते. दळवी घराण्याकडे त्याची सत्ता होती. औरंगजेबाच्या काळात ह्या घराण्यातील राज्यकर्त्या शाखेने इस्लाम धर्म स्वीकारला, पण दळवी हे नाव आणि जुने रीतिरिवाज पुष्कळसे टिकून राहिले. शेवटच्या राजाचीच दोन नावे सापडतात : अब्दुल मोमीन आणि लक्षधीर दलपतराव. एका माणसाची अशी दोन नावे पाहून मला माझ्या दाखल्यावरची तालुक्याची दोन नावे आठवली आणि हसू आले. हा राजा १८३७ मध्ये वारला. मागे नूरजहाँ नावाची मुलगी होती. इंग्रजांनी तिला पेठची बेगम म्हणून तनखा बांधून दिला आणि कारभार आपल्या हाती ठेवला.

मग १८५७ साल आले. ह्या उठावाचे नाव घेतले की आपण मेरठ, कानपूर, झाशी म्हणतो. नाशिक जिल्ह्यात भागोजी नाईकांचे भिल्ल सिन्नरकडे नांदूर शिंगोटे येथे इंग्रजी अधिकाऱ्याशी लढले होते. डिसेंबर १८५७ मध्ये भिल्ल आणि ठाकरांनी त्र्यंबकच्या खजिन्यावर हल्ला केला आणि त्याच सुमारास पेठच्या डोंगरांतील कोळी उठले. हरसूलचा बाजार लुटला गेला. इंग्रजांनी कोळ्यांच्याच पलटणीतील शिपाई घेऊन पेठवर माणसे धाडली, हाही एक विचित्र प्रकार : एका डोंगरातला कोळी दुसऱ्या डोंगरातल्या कोळ्यावर. पेठच्या गादीवर हक्क सांगणारे भगवंतराव, ज्यांना भाऊराजा म्हणत, ह्यांचा उठावाशी संबंध आहे असे ठरवण्यात आले आणि त्यांना व त्यांच्या काही साथीदारांना फाशी देण्यात आली. एवढी मोठी घटना, पण आमच्या तालुक्यातल्या कितीतरी मुलांना ती ठाऊक नाही. मलाही नव्हती. गॅझेटिअरमध्ये ती वाचली तेव्हा प्रथम अभिमान वाटला आणि मग रागही आला, कारण तेथे ती दरोड्याची हकीकत सांगावी तशी सांगितली आहे. भगवंतराव हक्कासाठी उठले की देशासाठी, हा वाद इतिहासाच्या प्राध्यापकांनी करावा. मला एवढेच दिसते की त्यांच्याबरोबर उठलेल्या कोळ्यांना गादी मिळायची नव्हती, तरी ते उठले.

१८७८ मध्ये बेगम नूरजहाँचे निधन झाले आणि पेठ संस्थान संपून नाशिक जिल्ह्याचा तालुका झाला. नाशिक जिल्हा स्वतः तेव्हा फक्त नऊ वर्षांचा होता. तो १८६९ मध्ये बनला. योगायोग असा की इंग्रज सरकारचा जंगल कायदाही १८७८ चाच. म्हणजे एकाच वर्षी आमच्या आज्या-पणज्यांचा राजा गेला, मामलेदार आला आणि जंगल राखीव करण्याचा कायदाही आला. आमच्या रानातला साग पूर्वीपासूनच बाहेरच्यांच्या नजरेत भरलेला. त्या सागाच्या बेटात राब जाळून नागली पेरणारा माणूस आता कायद्याने अतिक्रमण करणारा ठरू लागला. आसपासची संस्थाने, उत्तरेचे सुरगाणा, नैर्ऋत्येचे जव्हार, पश्चिमेचे धरमपूर, सारी १९४८ मध्ये विलीन झाली. पेठ त्यांच्या सत्तर वर्षे आधीच सरकारात गेले. त्यामुळेच की काय, सुरगाण्याची माणसे आपल्या राजाविषयी बोलतात तसे पेठला कोणी बोलत नाही.

असे डोंगरी मुलूख मध्यवर्ती कारभारात ओढले जाण्याची घटना केवळ आपल्याकडेच घडली असे नाही. सयाममध्ये, म्हणजे आजच्या थायलंडमध्ये, १८९२ पासून राजे चुलालोंगकोर्न आणि त्यांचे गृहमंत्री राजपुत्र दामरोंग ह्यांनी जुन्या मांडलिक सरदारांची सत्ता कमी करून राजधानीतून अधिकारी नेमण्यास सुरुवात केली. आपल्या तालुक्यासारखा तेथील घटक म्हणजे 'अम्फो'. त्याचा अधिकारी बँकॉकहून नेमलेला, पण गावचा मुखिया गावकऱ्यांनी निवडलेला, अशी सोय १८९७ च्या कायद्याने झाली. आमच्याकडे मामलेदारही वरून नेमलेला आणि पाटीलकी वतनाची. ती वतने १९६२ च्या कायद्याने गेली. लोकांनी निवडलेला माणूस आणि सरकारने नेमलेला माणूस ह्यांची गाठ कोठे घालावी, हा प्रश्न तिकडेही होता, इकडेही आहे.

आजचा कारभार समजावून घेताना मला प्रथम फारच गोंधळल्यासारखे झाले. आधी वाटे की तालुका म्हणजे तहसील कचेरी. पण तहसीलदार हा महसुलाचा : सातबारा, दाखले, रेशन, निवडणूक. त्याच्या वर प्रांत, आणि आमचे प्रांत दिंडोरी-पेठ असे जोडीने. रस्ते, शाळा, आरोग्यकेंद्रे ही १ मे १९६२ पासून जिल्हा परिषदेकडे आणि तालुक्यात पंचायत समितीकडे, तिचा अधिकारी गटविकास अधिकारी. जंगल वनखात्याच्या नाशिक पश्चिम विभागाकडे. आश्रमशाळा आणि वसतिगृहे आदिवासी विकास प्रकल्पाकडे, त्याचे कार्यालय नाशिकला. राज्याच्या आदिवासी विकास आयुक्तांची कचेरीही नाशिकलाच. पेठ गावाला २०१५ मध्ये नगरपंचायत झाली, बाकी सर्वत्र ग्रामपंचायती. आमदार दिंडोरी मतदारसंघाचे, खासदार दिंडोरीचेच. हरसूलचा भाग पूर्वी आमच्यात होता. १९९९ मध्ये त्र्यंबकेश्वर तालुका नवा झाला तेव्हा तो तिकडे गेला. म्हणजे ज्या बाजारावरून १८५७ चा उठाव सुरू झाला, तो आता दुसऱ्या तालुक्यात आहे.

मी एकदा वहीत मांडून पाहिले : आमच्या पाड्यावरच्या एका विहिरीसाठी किती ठिकाणी जावे लागते? विहीर पंचायतीची, पण जागा वनखात्याची, पैसे आदिवासी विकासाचे आणि तांत्रिक मंजुरी आणखी एका कचेरीची. हे सारे साहेब आपापल्या जागी बरोबर असतात. विहीर मात्र तीन वर्षांत खणली गेली नाही.

कायद्याने पाहिले तर आमच्या तालुक्याचे स्थान विशेष आहे. १९८५ च्या आदेशाने पेठ, सुरगाणा आणि कळवण हे तीन तालुके संपूर्णपणे अनुसूचित क्षेत्रात आहेत. घटनेच्या पाचव्या अनुसूचीप्रमाणे येथे राज्यपालांना खास अधिकार आहेत. १९९६ च्या 'पेसा' कायद्याने, आणि त्याखाली महाराष्ट्राने २०१४ मध्ये केलेल्या नियमांनी, पाड्यालाही आपले गाव जाहीर करून स्वतःची ग्रामसभा भरविता येते. गौण वनोपज, गावचा बाजार, दारूचे दुकान ह्यांविषयी ग्रामसभेचे म्हणणे विचारात घ्यावे लागते. आदिवासी उपयोजनेच्या निधीतील शेकडा पाच टक्के रक्कम २०१५ पासून थेट ग्रामपंचायतींना मिळू लागली. आमच्या ग्रामसभेत मी दोनदा जाऊन बसले. पहिल्या खेपेस बायका दाराबाहेर होत्या. दुसऱ्या खेपेस माझी चुलती आत येऊन बसली आणि तिने झऱ्याला बांध घालण्याचा विषय काढला. तो ठरावात लिहिला गेला, हे मी स्वतः वाचून तिला दाखविले. तिला वाचता येत नाही.

शिक्षणाचे म्हणाल तर डांग सेवा मंडळाचे नाव घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही. दादासाहेब बिडकरांनी १९३७ मध्ये हे मंडळ काढले आणि ह्या डोंगरांत शाळा आल्या. आज पेठला महाविद्यालयही आहे. तरी माझ्या घरात माझ्यापूर्वी कोणी दहावीपलीकडे गेले नव्हते.

पाण्याचा विषय पुन्हा घेते, कारण सध्या तो सर्वांच्या तोंडी आहे. दमणगंगा दिंडोरी तालुक्यात उगम पावते, आमच्या भागातून वाहते आणि खाली गुजरातेत मधुबन धरणात अडते. तेथून दमण-सिल्वासापर्यंत पाणी जाते. आता महाराष्ट्रानेही हे पश्चिमेला वाहून जाणारे पाणी उचलून गोदावरीच्या खोऱ्यात नेण्याचे प्रकल्प आखले आहेत. त्यांतील एक दमणगंगा-एकदरे-गोदावरी. एकदरे हे पेठ तालुक्यातील गाव. सुरगाण्याकडच्या नार आणि पार नद्यांचे पाणी गिरणेत नेण्याच्या योजनेला २०२४ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. समुद्राला जाणारे पाणी वाया जाते, असे वर्गात म्हटले जाते. मराठवाड्याची तहान मला समजते. आमच्या वसतिगृहात बीडच्या दोन मुली आहेत आणि त्या उन्हाळ्याचे वर्णन करतात तेव्हा मला आमचाच झरा दिसतो. परंतु पाणी डोंगर चढवून शंभर कोस नेता येते आणि त्याच डोंगरातल्या पाड्यावर चढवता येत नाही, हे कसे, हा प्रश्न आमच्या गावच्या लोकांनी विचारला तर तो अडाणीपणाचा म्हणता येणार नाही. डिसेंबर २०२२ मध्ये सुरगाणा तालुक्यातील सीमेवरच्या काही गावांनी आम्हांला गुजरातेत जाऊ द्या अशी मागणी केली, तेव्हा वर्तमानपत्रांतून पुष्कळ संताप व्यक्त झाला. ती मागणी मलाही पटली नाही. पण सीमेवर उभे राहिले की पलीकडचा रस्ता दिसतो, एवढे खरे.

जमिनीचा प्रश्न ह्याहून जुना. २००६ च्या वनहक्क कायद्याने १३ डिसेंबर २००५ पूर्वीपासून जंगलजमीन कसणाऱ्या आदिवासीला त्या जमिनीवर हक्क मिळतो. दावा प्रथम ग्रामसभेच्या वनहक्क समितीपुढे जातो, मग उपविभागीय समितीकडे आणि शेवटी जिल्हाधिकाऱ्यांच्या समितीकडे. कागदावर सोपे वाटते. पुरावा मात्र ज्याच्याकडे कधी कागदच नव्हता त्याने आणायचा असतो. आमच्याकडे आजोबांच्या नावाची दंडाची एक पावती होती. जंगलात नांगर धरला म्हणून झालेला दंड! आजीने ती पत्र्याच्या पेटीत लुगड्याच्या घडीत जपली होती. जी पावती गुन्ह्याचा पुरावा म्हणून फाडली गेली, तीच नातवंडांच्या वेळी हक्काचा पुरावा झाली.

तरी दावा अडून राहिला. ६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईस निघाला, त्यात पेठ-सुरगाणा-दिंडोरीची हजारो माणसे होती आणि वनजमिनीचा हक्क ही त्यांची एक मुख्य मागणी होती. बाबा त्यात गेले होते. सहा-सात दिवस चालून, पायांना फोड आलेले, ते १२ तारखेच्या पहाटे आझाद मैदानात पोचले. दहावीच्या मुलांची परीक्षा आहे म्हणून शेवटची मजल रात्रीतून चालत गाठली, हे त्यांनी मला घरी आल्यावर सांगितले. मी तेव्हा प्राथमिक शाळेत होते आणि मुंबई किती लांब आहे हे मला ठाऊक नव्हते.

आमचा दावा चार एकरांचा होता. मोजणी होऊन गेल्या वर्षी सव्वा एकराची सनद हाती आली. तिच्यावर आईचे आणि बाबांचे दोघांचे नाव आहे. उरलेल्या जमिनीसाठी अपील लिहायचे आहे. ते मी ह्या दिवाळीच्या सुट्टीत लिहिणार आहे, आणि तालुक्याचे नाव दोन्ही प्रकारे घालणार आहे.